जुगार खात्यातले पैजवाले सर

देशभरातल्या जुगारावर लक्ष ठेवणाऱ्या डच सरकारी खात्यात मी नोकरीला लागले, तेव्हा पहिल्याच सकाळी लिफ्टमध्ये एका माणसाने माझ्याशी पैज लावली. गळ्यात माझ्यासारखंच खात्याचं ओळखपत्र, डोक्यावर लोकरीची कानटोपी, पाठीवर शाळकरी पोराला शोभेल अशी सॅक. माझ्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचून तो थेट मराठीत म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी आत येईल आणि हवेबद्दल बोलेल. नाही बोललं तर आजची कॉफी माझ्याकडून." तिसऱ्या मजल्यावर एक उंच गृहस्थ आत आले, आमच्याकडे बघून हसले आणि एक अक्षर न बोलता पाचव्यावर उतरून गेले. पैज हरल्याचा त्या माणसाला कोण आनंद झाला! त्याने मला मिरवत मशीनपाशी नेलं आणि कॉफीचा कप हातात दिला. ऑफिसातली कॉफी सगळ्यांना फुकटच असते, हे मला दुपारी कळलं.

हेच आमचे सर. मूळचे मिरजेचे. संख्याशास्त्रात पीएच.डी. करायला तरुणपणी ग्रोनिंगनला आले, ते इथलेच झाले. घर आल्मेरेला, नोकरी हेगला. खात्यात त्यांचं काम धोरणाचं. आमचं खातं दर काही वर्षांनी एक आराखडा तयार करतं. पुढची काही वर्षं कशावर डोळा ठेवायचा, कशाकडे तूर्तास काणाडोळा करायचा, आणि आपण यशस्वी झालो की नाही हे कशावरून ठरवायचं, हे सगळं त्यात असतं. आधीचा आराखडा सरांच्या हातचा होता. आता पुढचा लिहायचा होता आणि तो झाला की ते निवृत्त होणार होते. आकडेवारीच्या कामासाठी मला त्यांच्या हाताखाली दिलं होतं.

इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, अगदी संचालकबाईंनासुद्धा. पण वडिलांच्या वयाच्या मराठी माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. एकदा 'काका' म्हणून पाहिलं. "काका म्हणालीस तर तुझी रजा मंजूर करणार नाही," असं उत्तर आलं. मग मी बरेच दिवस त्यांना कशानेच हाक मारली नाही. काही विचारायचं असलं की त्यांच्या टेबलाजवळ जाऊन खाकरायचे. शेवटी तेच वैतागले. "सर म्हण हवं तर, पण ते खाकरणं थांबव. पलीकडचा मला विचारत होता, हिला डॉक्टरकडे पाठवायचं का म्हणून."

पैजा त्या माणसाच्या रक्तात होत्या. ट्रेन वेळेवर येईल का, मंत्रालयातून आलेल्या पाहुण्याच्या भाषणात 'भविष्य' हा शब्द आधी येईल की 'आव्हान', ज्याचा वाढदिवस आहे तो केक घरी केलेला आणेल की दुकानातला. पैज पैशांची कधीच नसायची. हरणाऱ्याने कुंड्यांना पाणी घालायचं, नाहीतर दुपारच्या पावाबरोबर इथलं ते दाट, आंबट ताक मीठजिरं न घालता प्यायचं. सर स्वतः खिशात मीठजिऱ्याची पुडी बाळगायचे आणि पैज हरले की ती पुडी समोरच्याच्या ताब्यात देऊन, नाक दाबून ग्लास रिकामा करायचे. जुगार खात्यातला माणूस दिवसभर पैजा लावतो हे नव्या लोकांना विचित्र वाटायचं. मलाही वाटलं होतं, आणि मी ते बोलूनही दाखवलं.

"अगं, पैज लावायची खाज माणसाला जन्मजात असते," ते म्हणाले. "ती घालवायला आपण कोण? खाजवताना रक्त निघू नये एवढं बघायचं. हरल्यावर हसता येतंय ना, मग तो खेळ. हसता येईनासं झालं की तिथून आपलं काम सुरू."

हे बोलायला सोपं आहे. आराखड्यात लिहायचं म्हटलं की नाकी नऊ येतात. सरांनी आराखड्याचा मसुदा मोठ्या कागदांवर छापून भिंतीला लावला होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून ते एखाद्या वाक्यावर बोट ठेवायचे. "हे वाक्य खोटं ठरलं तर आपल्याला कळेल का?" एवढा एकच प्रश्न. 'आम्ही खेळाडूंच्या हितासाठी कटिबद्ध आहोत.' खोटं ठरलं तर कळेल का? नाही. मारली काट. बाहेरून मोठी फी घेऊन आलेले दोन सल्लागार आपली सुबक वाक्यं घेऊन आले होते. दुपारपर्यंत त्यांची निम्मी भिंत लाल झाली. त्यातला एक मला हळूच म्हणाला, "यांच्या तावडीतून काय सुटतं?" मी म्हटलं, "आतापर्यंत फक्त पानांचे क्रमांक सुटलेत."

मराठी मंडळाच्या हाऊजीची गोष्ट सांगितल्याशिवाय सर पुरे होणार नाहीत. आल्मेरेच्या गणेशोत्सवात आरतीनंतर हाऊजी ठेवायची असं ठरलं होतं. इथे तिकीट लावून बक्षिसाचा खेळ ठेवायचा तर मंडळानेसुद्धा खमेंटेला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, आधी कळवायचं असतं. साधं काम आहे. पण आमचे सेक्रेटरी म्हणाले, "कळवायचं कशाला? जुगार खात्यातले सरच येतायत की! आपलाच माणूस आहे." आणि त्यांनी पत्रकावर छापून टाकलं, हाऊजीचे प्रमुख पाहुणे म्हणून सरांचं नाव, फोटोसकट. आपल्या लोकांना ओळखीचा माणूस सापडला की परवानगी सापडल्यासारखंच वाटतं, त्याला काय करणार!

सर झब्बा घालून आले, गणपतीला नमस्कार केला, स्टेजवर चढले आणि माईक हातात घेऊन म्हणाले, "मंडळी, हाऊजी होणार नाही."

मागे पातेल्यातला मसालेभात ढवळणाऱ्याचा हात थांबला. मग एकच गलका. "सर, आपल्याच माणसांना काय कायदा दाखवता!" "पोरांचा हिरमोड होईल हो!" सेक्रेटरी तर रडकुंडीला आले. सर म्हणाले, "खमेंटेला कळवलेलं नाही. तिकिटाचे पैसे सगळ्यांना परत करा. पैसे परत दिलेत की मग तो जुगार नाही, नुसता खेळ. आणि बक्षिसं मी सांगतो ती." पहिल्या ओळीला सरांच्या घरी थालीपीठ. चारही कोपऱ्यांना काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, हातच्या लिंबाच्या लोणच्याचा डबा. आणि फुल हाऊसला, सेक्रेटरी स्वतः येऊन विजेत्याची सायकल धुऊन देतील. एवढी रंगलेली हाऊजी मी पुन्हा पाहिली नाही. सायकल शेवटी खरंच धुतली गेली, आणि पुढच्या वर्षी मंडळाने खमेंटेला इतकं आधी कळवलं की तिथल्या बाईंनी फोन करून विचारलं, नक्की याच वर्षीचा कार्यक्रम ना?

पण त्या संध्याकाळी आकडे पुकारायला लागल्याबरोबर एक माणूस उठून बाहेर गेला. तो केदार, माझ्या मैत्रिणीचा नवरा. मृण्मयी लायडनच्या सायन्स पार्कमध्ये प्रयोगशाळेत काम करते, आणि दोघं माझ्या पलीकडच्याच इमारतीत राहतात. मला वाटलं, ऑफिसचा फोन आला असेल. सरांनी मात्र स्टेजवरून पाहिलं होतं. मसालेभात वाढून घेताना त्यांनी मला विचारलं, "तो जो बाहेर सायकलींपाशी उभा राहिला, तो कोण? त्याला नुसते आकडेसुद्धा ऐकवत नव्हते."

मी मृण्मयीला विचारलं, आणि तिचा बांध फुटला. केदार फोनवर सामन्यांवर पैसे लावत होता. आधी क्रिकेट, मग फुटबॉल, मग ज्या खेळाचे नियमही माहीत नाहीत ते. सगळं परवाना असलेल्या, कायदेशीर कंपनीच्या साइटवर. तिला कळलं तेव्हा त्याने तिच्यासमोर बसून सरकारी बंदीच्या यादीत स्वतःचं नाव घातलं. या यादीत नाव असलं की देशातली कुठलीही परवानाधारक कंपनी तुम्हाला खेळू देत नाही. खेळ थांबला होता. पण तो घरात कोणाशी धड बोलत नव्हता, आणि ती कोणाला सांगू शकत नव्हती.

पुढच्या रविवारी मी दोघांना सरांच्या घरी घेऊन गेले. काकूंनी पोहे केले होते. सरांनी किती गेले, कसे गेले, काहीही विचारलं नाही. पोहे संपल्यावर एवढंच विचारलं, "खेळत होतास तेव्हा कंपनीकडून कोणी फोन केला होता का?"

"फोन नाही. एक मेल आला होता," केदार म्हणाला. "'खेळताना अजून मजा येते ना?' असं विचारलं होतं. खाली दोन बटणं होती. मी 'हो' दाबलं."

"मग?"

"मग अजून एक मेल आला. थँक्यूचा."

"आणि कोणी माणसाने विचारलं असतं तर?"

केदारने बशी खाली ठेवली. "माहीत नाही, सर. कदाचित तेव्हाही खोटंच बोललो असतो. पण आवाज कापला असता माझा. कोणाला तरी कळलं असतं."

सर गप्पच झाले नाहीत, हे सांगायला हवं. ते कधीच गप्प होत नसत. त्यांनी केदारला मिरजेच्या स्टेशनवरच्या एका चहावाल्याची लांबलचक गोष्ट सांगितली, त्याला हसवलं, आणि निघताना त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ज्या दिवशी अंगावर येईल त्या दिवशी मला फोन कर. मी काही उपदेश करणार नाही, चहावाल्याची दुसरी गोष्ट सांगीन." पण दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

कारण मला सोमवारी कळलं. कंपन्या आम्हाला अहवाल पाठवतात, त्यात असे मेल 'खेळाडूशी संपर्क साधला' या सदरात मोजले जात होते. धोक्यात असलेल्या किती खेळाडूंशी संपर्क साधला, यावरूनच तर आमच्या खात्याचं यश ठरत होतं. दरवर्षी तो आलेख वर जायचा, दरवर्षी त्यावर टाळ्या पडायच्या. आणि ती मोजपट्टी ठरवणारं वाक्य आधीच्या आराखड्यात लिहिलं होतं स्वतः सरांनी.

"माझं वाक्य खोटं ठरलं," सर भिंतीसमोर उभे राहून म्हणाले, "आणि मला कळलं नाही." लाल पेन घेऊन त्यांनी नव्या मसुद्यातल्या त्याच वाक्यावर काट मारली. नवा आराखडा मंजूर झाला की ते जाणार होते. जुनं वाक्य तसंच राहिलं असतं, तर पुढची कितीतरी वर्षं कोणी बटण दाबायचं, कोणी थँक्यू पाठवायचं आणि आलेख वर जात राहायचा. हे त्यांना सहन होत नव्हतं. मी त्यांना इतकं बेचैन कधी पाहिलं नव्हतं. त्या आठवड्यात त्यांनी एकही पैज लावली नाही.

इथे मोठं काही ठरवायचं असलं की अख्खं ऑफिस माळरानावरच्या एखाद्या लाकडी घरात जाऊन दिवसभर बसतं. सूप, पाव, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या, आणि प्रत्येकाला मत. सर उभे राहिले आणि त्यांनी नवं वाक्य वाचलं. पाठवलेला निरोप मोजायचा नाही. धोक्यातल्या खेळाडूशी कंपनीचा माणूस प्रत्यक्ष बोलला का, तेच मोजायचं, आणि त्यातली काही संभाषणं आपण स्वतः ऐकायची.

लगेच प्रश्न सुरू झाले. कंपन्या खर्चाची ओरड करतील. आलेख धाडकन खाली येईल. मंत्रिमहोदय विचारतील, वर्षभरात एवढं काय बिघडलं? लोक वाईट नव्हते, प्रश्नही वावगे नव्हते. संचालकबाईंनी विचारलं, आजच्या 'संपर्कां'त नुसते मेल किती, याचा कोणाला अंदाज आहे का?

अंदाज कशाला, आकडा माझ्या लॅपटॉपवर उघडाच होता. पण मी वाट बघत बसले. वरिष्ठ माणसं बोलत असताना आपलं नाव घेतल्याशिवाय मध्ये तोंड घालायचं नाही, हे पुण्याच्या शाळेत माझ्या अंगी इतकं मुरवलंय की विचारू नका. इथे मात्र गप्प बसलेला माणूस सहमत आहे असं धरतात. बाई पुढच्या मुद्द्याकडे वळायला लागल्या. तेवढ्यात सर माझ्याकडे वळले आणि भरसभेत मराठीत ओरडले, "अगं बाई, इथे कोणी 'आता तुम्ही बोला' म्हणत नाही! बोल!"

सगळे दचकले. मी उठले आणि बोलले. आवाज आधी चिरकला, मग सापडला. बहुतेक सगळे 'संपर्क' म्हणजे मेलच होते, हे ऐकून खोलीत चुळबुळ झाली. संचालकबाई म्हणाल्या, "पण ही मोजपट्टी मुळात सुचवली कोणी होती?"

"मी," सर म्हणाले. कोणी सावरून घ्यायच्या आत पुढे म्हणाले, "तेव्हा मला ती फार हुशारीची वाटली होती. मी हरलो. आता दुरुस्त करू द्या."

केदारचं नाव त्यांनी काढलं नाही. ती एक गोष्ट सांगितली असती तर खोली पाच मिनिटांत जिंकता आली असती, आणि केदारने परवानगीसुद्धा दिली होती. परतीच्या बसमध्ये मी तसं म्हणाले, तेव्हा ते माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "त्याचं दुःख माझ्या स्लाइडवर कशाला? आपला मुद्दा बरोबर असेल तर तेवढ्यावर उभा राहील. नाहीतर पडेल."

त्या दिवशी काही ठरलं नाही. इथे त्या दिवशी काही ठरतच नाही. मग प्रत्येक विभागाशी बोलणं झालं, कंपन्यांच्या प्रतिनिधींशी झालं, पुन्हा विभागांशी झालं. सर प्रत्येक बैठकीला गेले, तेच वाक्य तितक्याच उत्साहाने वाचत राहिले, आणि प्रत्येक वेळी समोरच्याचं म्हणणं पेनाने लिहून घेत राहिले. मी पार कंटाळून गेले होते. ते म्हणाले, "अगं, यांना पटल्याशिवाय हे करत नाहीत, पण एकदा पटलं की मग कोणी मागे लागायची गरज नाही. आपल्याकडे उलटं." शेवटी संचालकबाईंनी होकार दिला, एका अटीवर. आलेख पडेल तेव्हाचं स्पष्टीकरण सरांनी आत्ताच लिहून द्यायचं. सरांनी दोन ओळी लिहिल्या. 'हा आकडा खाली येईल. आजवर आम्ही निरोप मोजत होतो, आता माणसं मोजू.' त्या दोन ओळींवर मात्र कोणी काट मारली नाही.

सर निवृत्त झाले त्याला आता बरेच महिने झाले. निरोपाच्या केकपाशी त्यांनी भाषण केलं नाही, उलट संचालकबाईंना पैजेत हरवून त्यांना ते आंबट ताक प्यायला लावलं. बाईंनी ते पिऊनही दाखवलं. केदार बरा आहे. एखादा शनिवार अजून जड जातो, मग तो आल्मेरेची ट्रेन पकडतो. चहावाल्याच्या गोष्टी संपता संपत नाहीत असं मृण्मयी हसत हसत सांगते. तिला असं हसताना पाहून मला फार बरं वाटतं.

आलेख पडला, अगदी ठरल्याप्रमाणे. आणि कंपन्यांची संभाषणं ऐकायचं काम माझ्याकडे आलं. सुरुवातीची जी लागली ती ऐकून माझं मन खट्टू झालं. पाठ केलेले प्रश्न, पाठ केलेली उत्तरं, दोन्हीकडे घाई. यापेक्षा मेल काय वाईट होता, असंही मनात आलं. मग एके दिवशी एक संभाषण लागलं. कंपनीची मुलगी आवाजावरून नवखी वाटत होती. तिने कागदावरचे प्रश्न विचारले, पलीकडचा माणूस 'हो', 'ठीक', 'काही नाही' म्हणत गेला. प्रश्न संपले. तिने निरोपाचं वाक्य वाचलं. मी पुढचं रेकॉर्डिंग लावायला हात उचलला, पण फोन दोघांपैकी कोणीच ठेवला नव्हता. मग ती मुलगी, कागदावर नसलेलं, चाचरत म्हणाली, "मी आहे अजून. मला घाई नाही." आणि बऱ्याच वेळाने तो माणूस बोलायला लागला.

यातलं काहीही बाहेर सांगायची मला परवानगी नाही, सरांनाही नाही. ते आता खात्याच्या बाहेरचे. तरी ऑफिसातून निघताना मी त्यांना फोन लावलाच. त्यांनी नेहमीप्रमाणे हवेपासून सुरुवात केली, काकूंच्या गुडघ्यावर आले, तिथून मिरजेला पोचले. मी मध्येच तोडत म्हणाले, "सर, मला काही सांगता येणार नाही. पण आज मी एक माणूस ऐकला."

पलीकडे काहीच आवाज आला नाही. मला वाटलं फोन कट झाला. मी "सर? सर?" करत राहिले. मग नाक ओढल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, आणि अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "बरं झालं. फार बरं झालं गं बाई."